नदीकाठी, कालव्याकाठी: चालायला जागा कुठे आहे?



मागच्या वर्षी वस्तीतल्या विहारात आम्ही शुगर आणि बीपीची तपासणी ठेवली होती. त्यात एका ताईंची उपाशीपोटीची शुगर 212 निघाली. वय सेहेचाळीस, चार घरची धुणीभांडी आणि संध्याकाळी एका ऑफिसची साफसफाई. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ लिहिली: रोज अर्धा तास चालणे. ताईंनी ती ओळ आमच्याकडून वाचून घेतली आणि हसल्या. "सिस्टर, मी दिवसभर काय बसून असते का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि चालू कुठं? आमच्या बोळात समोरून माणूस आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं."

दोन्ही प्रश्न खरे होते. दवाखान्यातल्या नोकरीत वीस वर्षे ही एक ओळ आम्ही रोज पेशंटना समजावून सांगितली. कुठे चालणार, हे मात्र आम्ही कधी कुणाला विचारले नाही. ओपीडीतून निघालेला माणूस कुठल्या गल्लीत जातो, ते आम्हाला माहीत होते. आम्ही त्याच गल्लीतले. तरीही विचारले नाही.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. पण पहिल्याला बगल देऊन पुढे जाणे बरोबर नाही.

घरकामाचे कष्ट फुकट जात नाहीत, त्यानेही साखर खर्च होते. पण ते काम तुटक असते. दहा पावले चालायचे, मग ओट्याशी उभे राहायचे, वाकायचे, बादली उचलायची. त्यात कंबर आणि गुडघे झिजतात. मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू सलग चालू राहिले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि इन्सुलिन नीट काम करत नसले तरीही ओढतात. हृदयालाही सलग काम मिळते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. तो अर्धा तास एकदम मिळत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला, शुगरवाल्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. वेग किती ठेवायचा? शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण भीमगीत म्हणायला गेलात तर दम तुटला पाहिजे. एवढे मोजमाप पुरे. त्यासाठी मनगटावर महागडे घड्याळ लागत नाही.

आणि दहा तास उभे राहून घरी आलेल्या बाईला "अजून चाल" असे सांगणे हा अन्याय आहे, हेही आम्ही मान्य करतो. तिला आधी पाय वर करून पडू द्या. घरातल्या पुरुषांनी त्या वेळात भाकरी थापल्या तर तो आरोग्यसेवेचाच भाग समजू.

आता जागा. पुण्यातल्या आपल्या वस्त्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ताडीवाला रोड मुळा-मुठेच्या काठाला. पाटील इस्टेट संगमाच्या जवळ. बोपोडी, दापोडी मुळेच्या काठाला. दांडेकर पूल आणि जनता वसाहत कालव्याला लागून. गावकुस गेले, पण शहराने आपल्याला पाण्याच्या कडेला ठेवले. जी जमीन पावसाळ्यात बुडते, जिथे डास आहेत, वास आहे, जिथे बंगला बांधायला कुणी येत नव्हते, ती आपल्या वाट्याला आली. पण त्यामुळे एक गोष्ट अशी झाली की नदी किंवा कालवा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरापासून पाच-दहा मिनिटांवर आहे. पाण्याच्या कडेची वाट सपाट असते, चढ नसतो, गुडघ्यांना सोसते. आणि त्या काठावर शहराचा सगळा जुना उद्योग पसरलेला आहे: बांध, पूल, गिरण्या, कारखाने. चालता चालता आम्ही ते वाचायला शिकलो.

सुरुवात केली सात जणींनी, रविवारी सकाळी सहाला, ताडीवाला रोडच्या बाजूने बंडगार्डनकडे. या नावावरून पहिल्याच दिवशी हशा पिकला. एक आजी म्हणाल्या, "बंडाची बाग म्हणजे आपलीच की!" खरे तर हा बंड म्हणजे बांध. इंग्रजांच्या तोंडी बांधाचा बंड झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुळा-मुठेवर हा बांध घातला गेला, त्यासाठी मुंबईचे व्यापारी सर जमशेदजी जीजीभाई यांनी मोठी देणगी दिली. बांधाच्या कडेची बाग म्हणून बंडगार्डन. आता तिला महात्मा गांधी उद्यान म्हणतात, पण रिक्षावाल्याला सांगताना अजून बंडगार्डनच.

त्या भागातली राजा बहादूर मिल पुण्यातल्या जुन्या कापड गिरण्यांपैकी एक. तिच्या आवारात आता हॉटेले आणि पब आहेत. रविवारी पहाटे आम्ही तिथून जातो तेव्हा शनिवारच्या रात्रीचे झाडलोटीचे काम चालू असते, आणि झाडणाऱ्या बाया आमच्या ओळखीच्या निघतात. आमच्या गटातल्या एका आजींचे सासरे याच गिरणीत होते. त्या सांगतात, सोमवारी कामावर जाऊन आले की रात्रभर खोकायचे, छाती भरून यायची, आठवडा सरता सरता कमी व्हायचे, आणि रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा तेच. घरात वाटायचे, माणूस कामचुकार आहे, सोमवारीच बरा आजारी पडतो! नर्सिंगच्या पुस्तकात आम्ही हेच वाचले होते. कापसाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसाचा आजार सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवतो. आजींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

गिरणीचा विषय निघालाच आहे तर मुंबईची एक गोष्ट सांगतो, कारण ती आरोग्याचीही आहे. तिथल्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण अस्पृश्य कामगारांना तिथे घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळ! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पण तो धोटा आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडात जातो आणि त्यातून रोग पसरू शकतात, याची चिंता विटाळ मानणाऱ्यांना नव्हती. त्यांना जात दिसत होती, जंतू दिसत नव्हते.

तर, बंडगार्डनचा जुना पूल. फिट्झजेराल्ड पूल हे त्याचे नाव, 1867 मधला, दगडी कमानींचा. दोन्ही टोकांना सिंह बसवलेले आहेत, पंजाखाली चेंडू धरलेले. शेजारी नवा पूल झाल्यावर यावरची वाहने बंद झाली. चालणाऱ्यासाठी याहून चांगली जागा आमच्या भागात नाही. हॉर्न नाही, खड्डा नाही, चढ नाही. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या मारायच्या. ज्यांचे गुडघे धरतात त्यांनी एकच मारायची आणि सिंहाजवळ बसायचे. बसल्या बसल्या पाय समोर सरळ ताणून पाच मोजेपर्यंत धरायचा, मग सोडायचा, असे दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

या पुलाचे आणि आपले नाते वेगळे आहे. महात्मा जोतीराव फुले लेखक आणि समाजसुधारक होते हे आपल्या मुलांना पाठ असते. पण ते बांधकामाचे ठेकेदार होते, हे फार थोड्यांना माहीत असते. पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी हे त्यांच्या कंपनीचे नाव. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण आणि कालवा या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले. शाळा चालवायला पैसा लागतो, आणि जोतीराव तो असा मिळवत होते. पुलावरून चालताना आमच्यातली एक पदवीला असलेली मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण जोतीरावांच्या कामावरून चालतोय." दगड कुणी घडवला आणि कुणी वाहिला, त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. ते कोण असतील ते सांगायला नको.

पुलापलीकडे येरवडा. कारागृह तिथून लांब नाही. 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला त्याचा धागा तिथे जातो. त्यावर आपल्यात खूप बोलणे होते, आणि चालताना ते बोलणे तापले की वेग आपोआप वाढतो, हा आमचा अनुभव आहे!

आता आमची चूक सांगतो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी पुलाच्या मध्यावर आमच्यातल्या एका उपासिकेला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. ती काहीतरी विसंगत बोलू लागली, मग चिडली, "मला सोडा" म्हणाली. बाकीच्या घाबरल्या. आम्ही तिला खाली बसवले, चहाच्या गाडीवरून साखर आणली, तीन चमचे पाण्यात कालवून पाजली. दहा-बारा मिनिटांत ती भानावर आली आणि म्हणाली, "काय झालं मला?" झाले होते असे: आदल्या दिवशी पौर्णिमा होती. तिने अष्टशील घेतले होते, म्हणजे दुपारी बारानंतर काही खाल्ले नव्हते. पहाटे उठून शुगरची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि उपाशीपोटी चालायला आली. आम्ही नर्स, गट आमचा, पौर्णिमा आम्हालाही माहीत होती. आम्ही विचारले नव्हते.

तेव्हापासून पुलावर पाऊल ठेवण्याआधी आम्ही दोन प्रश्न विचारतो: गोळी घेतली का? काही खाल्ले का? मेटफॉर्मिन एकटी घेणाऱ्यांची साखर सहसा एकदम उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची उतरू शकते. घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही खूण. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटे थांबा, फरक नसेल तर पुन्हा द्या, आणि नंतर पोळी-भाकरी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. उपोसथ पाळणाऱ्या शुगरच्या पेशंटनी आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घ्यावी. आमच्या विहारातल्या भन्तेजींनीही हेच सांगितले, आजारी माणसाने औषधपाणी सांभाळून शील पाळावे.

दुसरी वाट कालव्याची. तिच्यावर जायला आमच्या बाया सहजी तयार झाल्या नाहीत. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि पाणी वस्तीत शिरले. ज्यांच्या घरातून ते पाणी गेले त्यांना कालवा म्हणजे फिरायची जागा वाटत नाही. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी सांगितले की उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरली. उंदराला नोटीस बजावता येत नाही, हे सोयीचे. त्या आठवड्यात आम्ही तिथे औषधांची पेटी घेऊन बसलो होतो. जुलाब, उलट्या, पायाच्या जखमा येतील या तयारीने गेलो होतो. तेही आले. पण सगळ्यात जास्त लोक आले ते बीपीच्या, शुगरच्या, फिटच्या गोळ्या मागायला. गोळ्या वाहून गेल्या होत्या आणि कुठली गोळी ते लिहिलेला कागदही वाहून गेला होता. "पांढरी, गोल, मधे रेघ असलेली" असे सांगत होते. आता आम्ही सगळ्यांना सांगतो, गोळीच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. नदी-कालव्याकाठी राहणाऱ्याने हे आधार कार्डाच्या आधी करावे.

हा कालवा आहे खडकवासल्याचा. धरणाचे काम 1869 ला सुरू झाले आणि ते व्हायला दहा वर्षे लागली. कॅप्टन फाइफ नावाच्या इंजिनिअरची ही योजना, म्हणून इंग्रज त्या तलावाला लेक फाइफ म्हणत. धरणापासून दोन कालवे काढले, उजवा आणि डावा. जुना उजवा कालवा सुमारे 112 किलोमीटरचा. पर्वतीच्या पायथ्यापासून स्वारगेट, हडपसर असे करत तो पूर्वेकडच्या शेतांना पाणी नेतो. आवर्तन सुटले की तो काठोकाठ वाहतो, बंद असला की गाळ आणि प्लास्टिक दिसते. डावा कालवा कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूने जात असे. त्याच्या जागी आज रस्ते आहेत. लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरात अजून कॅनॉल रोड हे नाव आहे, आणि तिथे सकाळी माणसे झाडांच्या सावलीत, पायात चांगले बूट घालून फिरताना दिसतात.

उजव्या कालव्याचेही असेच काहीतरी ठरत आहे. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत कालव्याऐवजी बोगद्यातून पाणी नेण्याची सरकारची योजना आहे. तसे झाले तर शहरातून जाणारी ही लांबच लांब पट्टी मोकळी होईल. त्यावर मोटारींचा रस्ता होणार की चालायची वाट, आणि काठावरच्या घरांचे काय, हे आत्ताच विचारले पाहिजे. डाव्या कालव्याच्या वेळी आपल्याला कुणी विचारले नव्हते.

आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी, कालव्याच्या कडेने जिथे नीट रस्ता आहे तेवढ्याच भागात चालतो. सपाट आहे, दिवे आहेत, सकाळी वर्दळही असते. वर पर्वतीची टेकडी दिसते. 13 ऑक्टोबर 1929 ला तिथल्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते. सत्याग्रहींना मार बसला, दगड बसले. आज टेकडीच्या पायऱ्यांवर कुणीही व्यायामाला चढते. ज्यांचे गुडघे तरुण आहेत त्यांनी चढावे. चाळिशीपुढच्यांनी बीपी तपासल्याशिवाय पायऱ्यांच्या नादाला लागू नये.

2018 ला जिच्या घरात छातीएवढे पाणी होते ती एक ताई पहिल्या दिवशी आमच्या पलीकडून, कालव्याकडे पाठ करून चालली. काही रविवार तसेच गेले. मग एकदा कठड्याशी थांबून तिने पाणी पाहिले आणि म्हणाली, "एवढंसंच दिसतंय की." आम्ही काही बोललो नाही. कालवा वाहता असताना कडेची माती भुसभुशीत असते आणि आतला उतार निसरडा असतो. कपडे धुवायला, हात धुवायला, मुलाची चप्पल पडली म्हणून कुणीही उतरू नये.

तिसरी वाट आम्ही वर्षातून एकदाच चालतो. ती सोपी नाही आणि सुखाचीही नाही. मुंढव्यापासून हडपसरपर्यंत, नदीपासून कालव्यापर्यंत. मुंढव्याला नदीकाठी डेक्कन पेपर मिल होती, 1885 मधली. गिरण्या नदीकाठी येत त्या पाण्यासाठी, आणि घाण सोडायलाही. पुढे मांजरीला जोतीरावांची शेती होती. पण आम्ही जातो ते सावित्रीमाईंसाठी.

1897 ला पुण्यात प्लेग होता. डॉ. यशवंतराव, माईंचे चिरंजीव, हडपसरकडे ससाणे मळ्यात दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड या मुलाला गाठ आली हे कळल्यावर माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात नेले. स्वतःला लागण झाली. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. वय सहासष्ट.

नर्स म्हणून हे वाचताना आमच्या अंगावर काटा येतो तो वेगळ्या कारणाने. आज प्लेगवर अँटिबायोटिक आहेत. तेव्हा एकही नव्हते. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली त्यालाही दोनच महिने झाले होते. उंदरावरच्या पिसवेमुळे प्लेग पसरतो हे पुढच्या वर्षी, 1898 ला एका फ्रेंच डॉक्टरने मांडले. म्हणजे रोग कसा लागतो हेही नीट माहीत नसताना त्यांनी त्या पोराला पाठीला लावले. हातमोजे, मास्क, काही नाही.

पहिल्या वर्षी 10 मार्चला आम्ही ही वाट चाललो तेव्हा गटातल्या एका तेवीस वर्षांच्या पोरीने पाच वर्षांच्या भाच्याला पाठीवर घेतले. भाचा धडधाकट, हसत होता, स्वतः गळ्याला धरून होता. पेट्रोल पंप येईपर्यंत ती थांबली आणि त्याला खाली उतरवले. पुढचा सगळा रस्ता ती गप्प होती. ट्रक, धूर, फूटपाथवर दुकाने, ओलांडायला सिग्नल नाही. दीड तास लागला. दमा असलेल्यांना आम्ही या वाटेला नेत नाही, त्या रिक्षाने हडपसरला येऊन थांबतात.

खडकी-बोपोडीच्या मंडळींनी मुळेकाठची वाट धरली आहे, दारूगोळा कारखान्याच्या बाजूची. कारखाना 1869 चा. निवृत्त कामगार नातवांना घेऊन येतात. त्यांनी आपल्या वाटेबद्दल स्वतःच लिहावे.

नदीबद्दल खोटे बोलणार नाही. मुळा-मुठेला वास येतो, जलपर्णी साचते, संध्याकाळी डास फोडून काढतात. म्हणून आम्ही सकाळीच जातो. पाण्याला हात लावायचा नाही. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात काठच्या चिखलात जायचेच नाही, लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. शुगरवाल्यांनी अनवाणी किंवा रबरी सपाता घालून चालू नये, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालावा, आणि घरी आल्यावर तळवा आरशात पाहावा, कारण बधिर पायाला खिळा टोचलेला कळत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडल्याचे कळले की नदीकाठ बंद. आणि चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असे काही झाले तर "गॅस झाला" म्हणत पुढे जायचे नाही. बसायचे, 108. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असा गॅसच्या नावाखाली घरीच पडून राहतो. थोड्या चालण्यानेही धाप लागत असेल तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलेल्या बायका आमच्या प्रत्येक शिबिरात निघतात.

एक प्रसंग लिहू की नको असे झाले होते. नदीकाठच्या एका नव्या, छान फरशी घातलेल्या वाटेवर आम्हाला रखवालदाराने अडवले. आम्ही नऊ जणी, साडीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ. "कामाला कुठं जायचंय?" त्याने विचारले. फिरायला आलोय म्हटल्यावर म्हणाला, "इथं फिरायला साहेब लोक येतात." तो पोरगाही आपल्यातलाच होता, नंतर कळले. त्याला तसे सांगितलेले होते. आमच्यातल्या आजींनी विचारले, "ही जागा कुणाची? महापालिकेची ना? मग माझी पण." आणि चालू लागल्या. आम्ही मागोमाग. महाडला 20 मार्च 1927 ला काय झाले ते त्या आजींना शाळेत न जाताही माहीत आहे. संगमापासून बंडगार्डनकडे आणि पुढे मुंढव्यापर्यंत महापालिकेचे नदीकाठ सुधारणेचे काम चालले आहे. झाडे तुटतात म्हणून शहरातले लोक भांडत आहेत, ते भांडण रास्त आहे. आपले म्हणणे आणखी एक आहे. वाट होईल तेव्हा ताडीवाला रोडच्या, येरवड्याच्या वस्तीकडून तिला दार ठेवा. आणि बायकांसाठी संडास ठेवा. संडास नाही म्हणून पाणी न पिता चालायला येणाऱ्या बाया आम्ही पाहतो, आणि मग लघवीची जळजळ घेऊन त्याच बाया आमच्याकडे येतात.

212 वाल्या ताई महिन्यातून दोन रविवार येतात. बाकीचे दिवस रात्री जेवणानंतर नवऱ्याला घेऊन मेन रोडपर्यंत जाऊन येतात. परवा उपाशीपोटीची 148 आली. गोळ्याही चालू आहेत, त्यामुळे श्रेय कुणाचे ते आम्ही ठरवत नाही. नवऱ्याचे बीपी निघाले, ते या निमित्ताने सापडले.

येत्या रविवारी सकाळी सहाला जुन्या पुलाच्या बंडगार्डनकडच्या टोकाला, सिंहाजवळ. पाण्याची बाटली, मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा आणा. गोळ्यांचे पाकीट बरोबर असू द्या, आम्ही तिथे फोटो काढून देतो. लहान मुलांना आणायला हरकत नाही. पाऊस असेल तर विहारात जमू.